खळं

वारज्यात कालव्याजवळ नवा गतिरोधक केलाय,
पांढरे पट्टे न मारलेला.
तिथे हे पडले.
पायाशी इस्त्रीचं गाठोडं, चाळीस नग.
हेल्मेट घरी होतं,
त्यात मी वाळवणाचे चिमटे ठेवायची.

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न : कपडे मळले का?
नव्हते मळले.
गाठ माझी होती, ती सुटत नाही.

कपाळावर टेंगूळ, लिंबाएवढं.
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या,
ओकारी झाली तर या, म्हणाले.
ओकारी झाली नाही.
तिसऱ्या दिवशी नाक वाहिलं.

घोळणा फुटला, यमुनाबाई म्हणाल्या, ऊन काय कमी आहे का.
कांदा फोडून हुंगवला.
दूर्वांचा रस झाला, सोसायटीच्या गणपतीपुढून उचललेल्या.
टाळूवर गार पाणी.
मान मागे, मान मागे, जो येईल तो सांगायचा
आणि हे मान मागे टाकून गिळायचे,
काय गिळतोय ते सांगायचे नाहीत.

रक्ताची मला भीती नाही.
बावीस वर्षं लोकांचे डाग धुतेय.
हळद उन्हाला भिते,
रक्त गार पाण्याला.
गरम घातलंत तर ते कापडात घर करतं.
बाळंतिणींच्या चादरी, दाढी करताना कापलेल्यांच्या कॉलरी,
एकदा एक कुर्ता आला, बाही कोपरापर्यंत भिजलेली.
मी विचारलं नाही.
नेणाऱ्यानंही चुकते पैसे दिले आणि गेला.

पण ह्यांच्या उशीचा अभ्रा सकाळी उचलला
तर डागाभोवती डाग.
मध्ये लाल, कडेनं गोल,
फिकट, पाणी वाळल्यासारखं.
चंद्राला पडतं तसं खळं.

रक्त असं करत नाही.
हे त्याच्याबरोबर कोण आलंय?

आई म्हणायची, लांब खळं, जवळ पाऊस.
मी बोट लावून मोजलं. एक पेर.

घशात काय लागतं?
खारट.
कधीपासून?
गप्प.
मग म्हणाले, इस्त्रीत कोळसा घालायला वाकलो
की नळासारखं गळतं. सर्दी असेल.

अभ्रा धुतला नाही.
सवयीनं चार पदरी घडी घातली,
पिशवीत टाकला, आणि रिक्षानं ससून.
केसपेपर, रांग, ही खिडकी नाही ती.
शेवटी एक पोरसवदा डॉक्टरीण, डोळ्यांखाली काळं,
कागदावरून मान वर न करता म्हणाली,
नाकातून रक्त येतंय ना?
मी अभ्रा उलगडला.
तिनं तो उजेडाकडे धरला. बराच वेळ.
हे आणायला कुणी सांगितलं तुम्हाला?
कुणी नाही. मी परटीण आहे.

मग पळापळ.
चालत आलेल्या माणसाला आडवं करून नेलं.
फोटोत केसाएवढी चीर, नाकाच्या वर,
जिथे डोक्याचा तळ असतो.
मेंदूभोवती पाणी असतं म्हणे, नितळ.
सत्तेचाळीस वर्षं ह्यांच्या डोक्यात नितळ पाणी
आणि आम्ही टँकरची वाट बघत होतो.

उशाला तीन उश्या. नाक शिंकरायचं नाही.
शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.
ह्यांची शिंक कोणती ते आमची अख्खी गल्ली ओळखते.
आता शिंक यायला लागली की माझा हात धरायचे,
दोघंही आ वासून बसायचो,
पलीकडच्या खाटेवरचं पोरगं
पाय प्लास्टरमध्ये, हसून हसून रडायचं.

नवव्या दिवशी गळायचं थांबलं.
ऑपरेशन लागलं नाही.
तोवर पाच घरांनी इस्त्री दुसरीकडे लावली होती.
त्यातल्या दोन परत आल्या.

अभ्रा मी मागून घेतला.
गार पाण्यात टाकला, लाल गेलं.
कड गेली का, ते उन्हात धरून बघते.
कधी दिसते, कधी नाही.

हेल्मेट आता डोक्यावर असतं,
गल्लीच्या टोकाला दूध आणायला गेले तरी.
चिमटे पत्र्याच्या डब्यात.
डबा फार वाजतो.
हेल्मेटमध्ये वाजत नसत.